५ फूट १० इंच : डग फ्लूटीला उंची नडली की प्रशिक्षकांची फूटपट्टी?

मोजपट्टी

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांसाठी धागा. क्रिकेटवाल्यांनीही यावं, पण 'हा कसला फुटबॉल, चेंडू तर हातात धरतात' हा विनोद झालेला आहे असं समजावं.

डग फ्लूटी. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी. जन्म १९६२. कागदोपत्री उंची ५ फूट १० इंच, वजन १८० पौंड म्हणजे साधारण ८२ किलो. बोस्टन कॉलेजकडून खेळताना १९८४ चा हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू. कॉलेजात एकूण १०,५७९ यार्डांचे पास. दहा हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिलाच. आणि १९८५ ला एनएफएल या मुख्य लीगच्या निवडीत, जिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात, नंबर किती? २८५ वा! अकराव्या फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सनी नाव घेतलं. त्याआधीच त्याने यूएसएफएल या दुसऱ्या लीगमधल्या न्यू जर्सी जनरल्सशी करार केला होता, हे रॅम्सना माहीत होतं. तरीही २८५ म्हणजे फारच.

पुढे शिकागो, न्यू इंग्लंड, मग ८ वर्षं कॅनडा, मग बफलो, सॅन डिएगो आणि शेवटी पुन्हा न्यू इंग्लंड. कॅनडात ३ ग्रे कप, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, आणि ६ वेळा सर्वोत्तम खेळाडू. अमेरिकेत मात्र कायम 'बघू, दुसरा कोणी नसेल तर'.

माझं मत: उंची हे निमित्त होतं. प्रशिक्षकांना आपली चाल बदलायची नव्हती. पटत नसेल तर मुद्द्यांसकट या.

---

सांडगा

५ फूट १० इंच 'बुटका'? आपल्याकडे वधू-वर सूचीत हा माणूस 'उंच, निर्व्यसनी' म्हणून छापला गेला असता.

---

वाटाड्या

सांडगेबुवा, हहपुवा.

पण नवख्यांसाठी आकडे देतो. क्वार्टरबॅकच्या पुढे त्याचेच ५ लाइनमन उभे असतात, ६ फूट ४ ते ६ फूट ६ इंच, वजन ३०० पौंडांच्या आसपास. समोरून तशाच मापाचे ४ जण हात वर करून येतात. या घोळक्यात जी मोकळी जागा राहते तिला पॉकेट म्हणतात. तिथून २० यार्डांवर पळणारा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, शोधायचा आणि चेंडू सोडायचा, सगळं मिळून अडीच-तीन सेकंदांत.

गैरसमज असा की उंच क्वार्टरबॅक लाइनमनच्या डोक्यावरून बघतो. कोणीच बघत नाही. ६ फूट ५ इंचांचा माणूसही हात वर केलेल्या ६ फूट ५ इंचांच्या पलीकडचं पाहू शकत नाही. सगळे बघतात ते दोन लाइनमनमधल्या फटीतून. उंचीचा खरा फायदा चेंडू सुटतो त्या बिंदूला. तो बिंदू ५-६ इंच खाली आला की पास समोरच्याच्या पंजाला लागतो. आणि पंजाला लागून वर उडालेला चेंडू म्हणजे झेल कोणाचाही.

---

तिरकी_धार

वाटाड्या यांनी माझं काम सोपं केलं. म्हणजे उंची निमित्त नव्हती, अडचण खरीच होती.

एनएफएलमधले त्याचे आकडे बघा: १४,७१५ यार्ड, ८६ टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं), ६८ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती, अचूकता ५४.७ टक्के. वाईट नाहीत, पण अन्याय अन्याय म्हणून गळा काढावा असेही नाहीत. तोच माणूस कॅनडात ४१,३५५ यार्ड आणि २७० टचडाउन करतो. मैदान बदललं, माणूस तोच. मग दोष प्रशिक्षकाचा कसा?

---

खडीसाखर

कॅनडातला खेळ वेगळा आहे, हे इथे अजून कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. फ्लूटी खेळला तेव्हाचे नियम असे:

रुंदी. अमेरिकेत ५३ आणि एक तृतीयांश यार्ड, कॅनडात ६५. म्हणजे पावणेबारा यार्डांच्या आसपास जास्त, आपल्या हिशेबाने १० मीटरहून थोडं अधिक. बाजूला पळणाऱ्या क्वार्टरबॅकला हे अंगण आंदण मिळाल्यासारखं. लांबी ११० यार्ड आणि एंड झोन, म्हणजे टोकाचा पट्टा, २० यार्ड खोल, अमेरिकेत १० च.

गडी ११ ऐवजी १२. जादाचा माणूस बहुतेक वेळा रिसीव्हरच होतो.

डाउन, म्हणजे प्रयत्न, ३, अमेरिकेत ४. दहा यार्ड काढायला प्रत्यक्षात दोनच प्रयत्न, कारण तिसऱ्याला सहसा किक मारतात. धावून ३-३ यार्ड काढत बसायची चैन नाही, पास करावाच लागतो.

चेंडू आणि बचावफळी यांच्यात १ यार्ड अंतर सक्तीचं. अमेरिकेत दोघांची नाकं जवळजवळ टेकतात. हा १ यार्ड बुटक्या क्वार्टरबॅकसाठी सोन्याचा. समोरच्याचे हात अर्धा क्षण उशिरा पोचतात आणि फटी उघड्या राहतात.

शिवाय चेंडू सुटण्याआधीच मागचे खेळाडू पुढच्या दिशेने धावत सुटू शकतात. रिसीव्हर रेषेवर येतो तोच पूर्ण वेगात. अमेरिकेत स्नॅपच्या, म्हणजे चेंडू सुटण्याच्या, क्षणी एकालाच हलता येतं, तेही पुढच्या दिशेने नाही.

या पाचही गोष्टी फ्लूटीच्या पथ्यावर पडणाऱ्या होत्या. १९९१ साली बीसी लायन्सकडून त्याने एका मोसमात ६,६१९ यार्ड फेकले ते या अंगणात. १९९४ ला कॅल्गरीकडून ४८ टचडाउन.

---

अटकमटक

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

---

मोजपट्टी

@तिरकी_धार, खडीसाखर यांचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा आहे. नियम मदतीला होते, मान्य. पण त्या नियमांत बाकीचे सगळे क्वार्टरबॅकही खेळत होते. ६ फूट ३ इंचवालेही. मग ६ वेळा सर्वोत्तम हाच का?

---

तिरकी_धार

कारण तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला मोकळं सोडलं आणि ते मैदान मोकळं सोडण्यासारखं होतं. अमेरिकेत पॉकेट सोडून उजवीकडे पळालात तर काय होतं ते पायरीपायरीने सांगतो.

पहिलं, मैदान अर्धं होतं. उजवीकडे पळताना डावीकडच्या रिसीव्हरकडे फेकायचं म्हणजे अंगावरून आडवा पास. त्याला ना जोर ना दिशा. बचाव करणारे डावी बाजू सोडून देतात आणि उरलेल्या पंचवीस-सव्वीस यार्डांत गर्दी करतात.

दुसरं, लाइनमनची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो ७ यार्ड मागे आहे असं धरून ते अडवण्याचा कोन ठरवतात. तो तिथून निघून गेला की तेच कोन चुकतात, समोरचा निसटतो, लाइनमन त्याचा सदरा धरतो आणि १० यार्डांचा दंड बसतो.

तिसरं, रिसीव्हरची वाट पावलं मोजून ठरलेली असते. मागे सरकणाऱ्या क्वार्टरबॅकचं पाचवं पाऊल आणि रिसीव्हरचं वळण एकाच क्षणी यायला हवं. फ्लूटीने चेंडू घेऊन फिरायला सुरुवात केली की हे घड्याळ मोडतं. पुढचं सगळं अंदाजपंचे. कधी चमत्कार, कधी सॅक, म्हणजे चेंडू हातात असतानाच आडवा.

प्रशिक्षकाला चमत्कार नको असतो, पुन्हा पुन्हा जमणारी गोष्ट हवी असते.

---

सांडगा

चमत्काराचा विषय निघालाच आहे तर मायामीचा सामना अजून कसा आला नाही? ३२ प्रतिसादांचा धागा होईल म्हणून पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

वाटाड्या

घ्या. २३ नोव्हेंबर १९८४, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, मायामीचं ऑरेंज बोल मैदान. समोर मायामी विद्यापीठ, आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. २८ सेकंद उरलेले असताना त्यांनी टचडाउन करून ४५-४१ अशी आघाडी घेतली. फ्लूटीने दोन पासांत मायामीच्या ४८ यार्डांपर्यंत मजल मारली. ६ सेकंद शिल्लक.

चालीचं नाव 'फ्लड टिप'. तीन रिसीव्हर एका बाजूने सरळ एंड झोनकडे. एकाने घोळक्यात उडी मारून चेंडू बोटांनी वर उडवायचा, दुसऱ्यांनी आजूबाजूला थांबून तो पकडायचा. आता गणित बघा. पन्नासेक यार्ड पळायला चांगल्या रिसीव्हरला ५-६ सेकंद लागतात. म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू लगेच सोडायचाच नाही, वेळ काढायचा. फ्लूटी मागे सरकला, उजवीकडे निघाला, अंगावर आलेल्याला चुकवलं आणि स्वतःच्या ३७ यार्डांच्या आसपासून फेकला. नोंद ४८ यार्डांची आहे, पण चेंडू हवेत ६० च्या वर गेला.

मायामीचं काय चुकलं? लांब पासाच्या बचावाचा एकच नियम असतो: तुमच्या मागे कोणालाही जाऊ द्यायचं नाही. बचाव करणारे गोल रेषेच्या अलीकडेच उभे राहिले, कारण हा एवढासा माणूस तिथून एंड झोनपर्यंत फेकेल असं त्यांना वाटलंच नाही. फ्लूटीचा रिसीव्हर जेरार्ड फेलन त्यांच्या मागे जाऊन उभा होता. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट त्याच्या पोटात. ४७-४५. 'टिप' लागलीच नाही.

त्या दिवशी फ्लूटीचे ४६ पैकी ३४ पास पूर्ण, ४७२ यार्ड.

---

गंजिफा

थोडक्यात, उंची बघून लोकांनी दंडाचा अंदाज बांधला. या धाग्याला हेच उत्तर नाही का?

---

खडीसाखर

गंजिफा +१. उंची आणि दंडाची ताकद यांचा संबंध लोक गृहीत धरतात. लांब फेकीत जोर कंबरेच्या आणि खांद्याच्या फिरकीतून येतो, मनगट शेवटी. त्याचं घोटीव शरीर आड येत नव्हतंच.

रच्याकने, त्या पासामुळे हाइझमन मिळाला असं सर्रास लिहितात ते कैच्याकै. बहुतेक मतं त्याआधीच पडलेली होती.

---

अटकमटक

क्रिकेटवाला आलो. गावसकर, तेंडुलकर दोघंही साडेपाच फुटांच्या आसपास. कोणी उंची काढत नाही. उलट बाउन्सर खाली वाकून सोडता येतो म्हणतात. फुटबॉलमध्येच हे फॅड का?

---

वाटाड्या

अटकमटक, फुटबॉलमध्येही जागेजागेप्रमाणे बदलतं. बॅरी सँडर्स ५ फूट ८ इंच, धावून १५,२६९ यार्ड. डॅरेन स्प्रोल्स ५ फूट ६ इंच. रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला, बुटकेपणा वरदान आहे: गुरुत्वमध्य खाली, लाइनमनच्या आड लपता येतं, पकडणाऱ्याला वाकावं लागतं. कबड्डीत ठेंगणा चढाईपटू कोपऱ्याच्या पकडीतून कसा निसटतो, तसंच. बचावफळीतला लाइनबॅकर सॅम मिल्स ५ फूट ९ इंच. क्लीव्हलँडने काढला, टोरंटोने काढला, शेवटी यूएसएफएलमधून न्यू ऑर्लिन्सला गेला आणि २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये बसला. खालून घुसणाऱ्याचा खांदा समोरच्याच्या खांद्याखाली लागतो आणि खालचा खांदा जिंकतो.

उंचीचा बाऊ फक्त क्वार्टरबॅकच्या बाबतीत, कारण तोच एक उभा राहून दूरवर बघतो.

---

मोजपट्टी

आता बफलोवर येऊ, कारण माझा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.

१९९८. बफलोने जॅक्सनव्हिलला पहिल्या फेरीतली नवव्या क्रमांकाची निवड आणि वर चौथ्या फेरीतली एक निवड देऊन रॉब जॉन्सनला आणलं. ६ फूट ४ इंच, देखणा, दंड जबरदस्त. ५ वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार. फ्लूटी कॅनडातून आला तो राखीव म्हणून, किरकोळ पैशांत. संघ पहिले ३ सामने हरला. जॉन्सन जखमी झाला, फ्लूटी आत आला. जॅक्सनव्हिल तोवर अपराजित. शेवटच्या क्षणी चौथा डाउन, १ यार्ड बाकी, फ्लूटी स्वतः चेंडू घेऊन डावीकडून आत. १७-१६. मोसमात १० जिंकले, ६ हरले. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड.

१९९९ ला पुन्हा फ्लूटीने संघ बाद फेरीत नेला. आणि टेनेसीविरुद्ध बाद फेरीच्या सामन्याला सुरुवात कोणी केली? जॉन्सनने!

---

तिरकी_धार

तो निर्णय चुकीचा होता, इथे मी वाद घालत नाही. ८ जानेवारी २०००. जॉन्सनला ६ वेळा पाडलं, कारण तो चेंडू हातात धरून उभा राहायचा. उंच माणसाचा हाही एक रोग. पण तरीही शेवटच्या चढाईत एका पायातला बूट निघालेला असताना त्याने पास पूर्ण केला, बफलोने १६ सेकंद राहिले असताना १६-१५ आघाडी घेतली. हरले ते किकऑफवर: टेनेसीच्या लॉरेन्झो नीलने चेंडू उचलला, वायचेककडे दिला, वायचेकने मैदानाच्या आडवा डायसनकडे फेकला, डायसन ७५ यार्ड. २२-१६. त्यात क्वार्टरबॅकच्या उंचीचा काय संबंध?

---

सांडगा

संबंध शापाचा आहे हो. त्यानंतर बफलो सलग १७ मोसम बाद फेरीत गेले नाहीत. नारायण नागबळी करायला हवा होता.

---

गंजिफा

पैसे हा मुद्दा निसटतोय. पहिल्या फेरीची निवड आणि अडीच कोटी घातलेला माणूस बाकावर बसवला तर ज्यांनी आणला त्यांची नोकरी जाते. स्वस्तात आणलेला बसवला तर कोणी विचारत नाही. बफलोत फ्लूटीचा सुरुवातीच्या सामन्यांचा हिशेब २१ जिंकले, ९ हरले. २००१ ला व्यवस्थापनाने निवड केली ती पुन्हा जॉन्सनचीच, आणि संघ ३-१३. त्याच मोसमात फ्लूटी सॅन डिएगोकडून बफलोविरुद्ध खेळला, विजयी टचडाउन स्वतः पळून केला. २७-२४.

---

अटकमटक

अवांतर: त्याच्या नावाचं सीरिअल निघालं होतं म्हणतात?

---

खडीसाखर

फ्लूटी फ्लेक्स, १९९८. पैसे ऑटिझमसाठीच्या त्याच्या मुलाच्या नावाच्या संस्थेला. मजा अशी की जानेवारी १९९९ मध्ये मायामी डॉल्फिन्सनी बफलोला बाद फेरीत हरवलं तेव्हा त्यांचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी ड्रेसिंग रूममध्ये ते फ्लेक्स पायदळी तुडवले, मग माफी मागितली. आणि १९८४ च्या त्या पासाच्या वेळी मायामी विद्यापीठाचे प्रशिक्षक कोण? हेच जिमी जॉन्सन. १४ वर्षं पोटात ठेवलं होतं बहुधा.

---

वाटाड्या

अवांतरच चालू आहे तर ड्रॉप किक. १ जानेवारी २००६, वय ४३, न्यू इंग्लंडकडून मायामीविरुद्ध. टचडाउननंतरचा १ गुण त्याने ड्रॉप किकने घेतला. एनएफएलमध्ये त्याआधीची यशस्वी ड्रॉप किक १९४१ च्या अंतिम सामन्यात.

करायची कशी: चेंडू दोन्ही हातांत उभा धरायचा, वरचं टोक किंचित स्वतःकडे कललेलं. हवेत उडवायचा नाही, नुसता सोडायचा, आणि तोही कमी उंचीवरून. खालचं टोक जमिनीला टेकून वर निघतं त्याच क्षणी पाय लागला पाहिजे. आधी लागला तर ती पंट, गुण नाही. उशीर झाला तर चेंडू कुठल्या कुठे. सोडताना चेंडू जरा फिरला तरी उसळी तिरकी. पूर्वी चेंडू गोलसर होता तेव्हा हे सोपं जायचं. १९३० च्या दशकात पासासाठी तो निमुळता केला, आणि ही किक मागे पडली.

---

तिरकी_धार

सुंदर. पण मूळ प्रश्नाला वळसा घालू नका. तुम्ही लोक अजून दाखवलं नाहीत की एनएफएलचा प्रशिक्षक बुटक्या क्वार्टरबॅकसाठी नेमकं काय वेगळं करू शकला असता. 'चाल बदला' म्हणणं सोपं आहे.

---

खडीसाखर

दाखवते. हे सगळं नंतर ड्रू ब्रीझसाठी न्यू ऑर्लिन्सने केलं. ब्रीझ ६ फूट, आणि सॅन डिएगोत नवखा असताना फ्लूटीचाच राखीव.

एक, लाइनमनपैकी कडेच्या टॅकलऐवजी मधल्या गार्डांवर पैसा लावायचा. त्यांचे गार्ड जाहरी एव्हान्स, कार्ल निक्स. उंच क्वार्टरबॅकला बाजूने येणारा त्रास देतो, बुटक्याला मधून ढकलत येणारी भिंत. मधले तिघे जागचे हलले नाहीत तर पुढे २-३ यार्ड मोकळे राहतात. तेवढ्यात फटी दिसतात आणि चेंडू वर चढायलाही वाव मिळतो.

दोन, चेंडू शॉटगनमधून घ्यायचा, म्हणजे सुरुवातच ५ यार्ड मागे. जितकं मागे, तितका समोरच्यांच्या हातांवरून जाण्याचा कोन सोपा.

तीन, छोट्या पासाला लाइनमनने कट ब्लॉक करायचा, म्हणजे समोरच्याच्या मांड्यांवर झेपावायचं. पाय वाचवायला त्याचे हात आपोआप खाली येतात. हात खाली, फट उघडी.

फ्लूटीला १९८६ ते ८९ मध्ये यातलं काय मिळालं?

---

तिरकी_धार

कट ब्लॉकचा मुद्दा मान्य, पण तो दर वेळी चालत नाही हेही लिहा. झेपावलेला लाइनमन जमिनीवर असतो. समोरचा उठला की त्याला अडवायला कोणी नाही. म्हणून तो तीन पावलं मागे सरकून लगेच फेकायच्या पासालाच. पाच-सात पावलांच्या लांब पासाला केलात तर क्वार्टरबॅक रुग्णालयात.

बाकी, ब्रीझने पॉकेटमध्ये राहून फटी शोधल्या, फ्लूटी पॉकेट सोडून पळायचा. हा फरक राहतोच. तरी माझं पहिलं विधान थोडं मागे घेतो: त्याच्यासाठी पॉकेट कोणी बांधलंच नाही, मग तो राहणार कुठे?

---

गंजिफा

तिरकी_धार यांनी मागे घेतलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पुढचे बुटके क्वार्टरबॅक निवडीत कितवे ते बघा. रसेल विल्सन ५ फूट १० च्या वर थोडासा, २०१२ ला ७५ वा. कायलर मरी ५ फूट १० इंच, २०१९ ला पहिला. ब्राइस यंग, तीच उंची, २०२३ ला पहिला. १९८५ ला २८५.

---

मोजपट्टी

बघतोय की धाग्याचं शीर्षकच चुकलं. उंचीऐवजी 'पॉकेटची खोली' हवं होतं. पण इतके प्रतिसाद आल्यावर शीर्षक बदलता येत नाही.

---

सांडगा

संपादकांना व्यनि करा. उंची कमी आहे म्हणून नाकारणार नाहीत.